एक्स-रे न काढता न्यूमोनियाचे निदान
प्रश्न : माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीला तीन दिवस ताप व खोकला होता. बालरोगतज्ज्ञांनी घड्याळ लावून तिचे श्वास मोजले, ते मिनिटाला ५२ भरले. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ टक्के होता. त्यांनी न्यूमोनिया असल्याचे सांगून ॲमॉक्सिसिलिनचे औषध दिले. सासूबाईंचे म्हणणे असे, की एक्स-रे आणि इंजेक्शनाशिवाय न्यूमोनिया बरा कसा होणार? आम्ही दुसरीकडे दाखवावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी केलेली तपासणी योग्य आहे. फुप्फुसातील वायुकोशांत सूज येऊन द्रव साठला की शरीराला ऑक्सिजन कमी पडतो आणि मूल श्वासाचा वेग वाढवून ती उणीव भरून काढते, म्हणूनच खोकला असलेल्या मुलात श्वासांची संख्या हे निदानाचे महत्त्वाचे साधन ठरते. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानतात. मूल शांत असताना, अंगावरचे कपडे वर करून, पूर्ण एक मिनिट मोजावे. तापानेही श्वास वाढतो, त्यामुळे ताप उतरल्यावर पुन्हा मोजणे चांगले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना हे शिकवले, तोंडावाटे देण्याचे प्रतिजैविक त्यांच्या हाती दिले, आणि तेथील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. तेथे एक्स-रे यंत्र नव्हते, हे सासूबाईंना जरूर सांगावे.

जंतुसंसर्ग विषाणूचा की जीवाणूचा, हे एक्स-रेवरूनही खात्रीने ठरत नाही. लहान मुलांत आरएसव्हीसारखे विषाणू पुष्कळदा कारणीभूत असतात. परंतु न्यूमोकॉकस हा जीवाणू अधिक घातक असल्याने, आणि दोन्हींमध्ये दवाखान्यात भेद करणे अवघड असल्याने, ॲमॉक्सिसिलिन हे जीवाणूंवरचे प्रतिजैविक देतात. मूल गिळू शकत असेल तर ते तोंडावाटे पुरेसे काम करते. दोन-तीन दिवसांत ताप व धाप कमी झाली नाही, फुप्फुसाभोवती पाणी झाल्याचा संशय आला किंवा खेळताना शेंगदाणा श्वासनलिकेत गेल्याची शंका असली, तर मात्र एक्स-रे काढलाच पाहिजे.

दुसरीकडे दाखवण्याची आज गरज नाही, पण लक्ष ठेवण्याची निश्चित आहे. मुलगी पाणी किंवा दूध घेईना, घेतलेले सारे ओकू लागली, झटका आला, गळून गेली, कण्हत श्वास घेऊ लागली, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेल्यासही दाखल करावेच लागते. इंजेक्शनांची खरी जागा तेथे आहे.

औषध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण द्यावे. खोकला पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्यासाठी दुकानातून खोकल्याचे सिरप आणू नये. घरात चूल किंवा विडी-सिगारेटचा धूर होत असेल तर मुलीला त्यापासून दूर ठेवावे. लसीकरण कार्डही पाहावे : न्यूमोकॉकसविरुद्धची पीसीव्ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत सरकारी केंद्रांत मोफत मिळते. नवव्या महिन्याचा डोस राहिला असेल, तर मुलगी बरी झाल्यावर तो देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.