'सोसायटी वेडिंग' आणि 'वुड एनग्रेव्हिंग': चित्राखाली काय लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातलं, १८७० च्या दशकातलं लग्नाचं चित्र आहे. स्थळ हॅनोव्हर स्क्वेअरचं सेंट जॉर्ज चर्च. खाली 'सोसायटी वेडिंग, वुड एनग्रेव्हिंग' असं छापलंय आणि सोबतच्या मजकुरात ब्राइड्समेड, ट्रेन, वेडिंग ब्रेकफास्ट हे शब्द आहेत. 'समाजातील लग्न, लाकडावरील कोरीव काम' असं भाषांतर चालेल का?

नाही चालणार. 'लाकडावरील कोरीव काम' म्हटलं की वाड्याचे खांब, तुळया, देव्हारा आठवतो. इथे कोरला तो ठसा. तुमच्या हातात आहे तो त्याचा कागदावरचा छाप. म्हणून 'लाकडी ठशाचं छापचित्र' म्हणा, किंवा जागा कमी असेल तर 'काष्ठठसा'.

बॉक्सवुड या कठीण लाकडाचं खोड आडवं कापून, घोटून गुळगुळीत केलेला ठोकळा घेत. जे पांढरं राहायचं ते कोरणीने काढून टाकत. काळी रेघ उभी उरे. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांइतकी, म्हणजे धातूच्या अक्षरठशांइतकी, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकदमच छापता येई. साप्ताहिकांना ही पद्धत सोयीची पडली ती यामुळेच. बॉक्सवुडचं खोड मात्र बारीक असतं. पानभर चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टने जोडत आणि घाई असली की सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांत वाटत. सांधा नीट बसला नाही की खांबावरून, नवरीच्या ओढणीवरून सरळ जाणारी केसाएवढी पांढरी रेघ उमटे. भिंग लावून ती शोधा. पानाच्या पाठीवर मजकूर छापलेला असेल तर ती दुसरी खूण.

तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्याचं काम बरोबर उलटं. तिथे शाई कोरलेल्या खाचेत बसते, ओलसर कागद जोरात दाबून ती उचलावी लागते आणि कडेला पत्र्याचा चौकोनी दाब उमटतो. त्याला 'उत्कीर्ण चित्र' शोभतं, कारण कोरलेली रेघच छापली जाते. शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफ किंवा 'लिथो', आणखी वेगळं; त्यात कोरणं नाहीच, दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं. जुनं दिसलं की सरसकट 'लिथो' लिहायची सवय मोडायला हवी.

चित्राखालची ओळ लिहिण्याआधी डावं-उजवं पाहा. ठशावर चित्र आरशासारखं उलटं काढावं लागे. ते राहून गेलं तर छाप उलटा येई. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, विधीत वेदीकडे तोंड केल्यावर नवरा उजवीकडे, नवरी डावीकडे उभी राहते आणि अंगठी नवरीच्या डाव्या अनामिकेत जाते. दोन्ही उलट दिसलं तर दोष ठशाचा.

आता 'सोसायटी'. मराठीत सोसायटी म्हणजे सेक्रेटरी, पाण्याची टाकी आणि पार्किंगची भांडणं. तिथलं लग्न वाचकाला गच्चीवर दिसेल. 'समाजातील'ने तर काहीच कळत नाही, कारण लग्न समाजातच होतं. 'लंडनच्या बड्या घराण्यातलं लग्न' हे नेमकं.

'ट्रेन'ला आपल्याकडे छान शब्द तयार आहे: घोळ. 'झग्याचा मागे रुळणारा घोळ.' ब्राइड्समेडला 'करवली' म्हणायला माझी हरकत नाही, पण करवली हातात करा घेऊन मागे उभी राहते आणि ती नवरदेवाचीही असते. इथे सारख्या पोशाखातल्या अनेक मुली असत. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात घोळ धरायला १२ होत्या. तेव्हा 'नवरीच्या करवल्या' असं अनेकवचन ठेवा. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांतले 'धेडी' आणि 'धेडो' हे कोकणी शब्द अर्थाने जास्त जवळचे, फक्त इतर वाचकांना ते उलगडून सांगावे लागतील.

'वेडिंग ब्रेकफास्ट'ची 'न्याहारी' करू नका. विशेष परवाना नसेल तर इंग्लंडमध्ये लग्न दुपारी १२ च्या आत लागावं असा नियम होता. १८८६ च्या कायद्याने ती वेळ ३ पर्यंत वाढवली. त्यामुळे चर्चमधून परतल्यावरच्या मेजवानीला ब्रेकफास्ट हे नाव पडलं आणि लग्न उशिरा लागायला लागल्यावरही टिकलं. त्यात केक, शॅम्पेन आणि भाषणं असत. 'लग्नाचं जेवण' लिहा. 'पंगत' नको, पाटपाणी डोळ्यांपुढे येतं.