आधी घोड्यांची सोय, मग आरव्हीची
घोडे आणि आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन कॅम्पिंग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो. दोन घोडे, दोन मुले आणि पुढच्या भागात राहायची सोय असलेला गूजनेक (पिकअपच्या हौद्यात जोडायचा) ट्रेलर असा आमचा लवाजमा. कॅम्पग्राउंडच्या माहितीत 'घोड्यांना परवानगी' एवढेच असते. बुकिंगआधी काय काय विचारावे?

तेवढ्या एका ओळीवर पैसे भरू नका, फोन करा. काही ठिकाणी परवानगी फक्त दिवसाच्या रपेटीची असते. संध्याकाळी घोडे परत न्यावे लागतात. मुक्काम चालत असेल तर पहिला प्रश्न हाच: रात्री घोडे कशात ठेवायचे?

छपराचे स्टॉल, लोखंडी पाइपांचे कोरल (घोडा मोकळा ठेवायचे छोटे कुंपण), नुसता बांधायचा आडवा दांडा किंवा हायलाइन, यांपैकी काहीतरी मिळते. हायलाइन म्हणजे दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये उंचावर ताणलेला दोर. कुटुंब बरोबर असेल तर आमची पसंती कोरलला. घोडा त्यात फिरू शकतो, आडवा होऊ शकतो आणि दाव्यात पाय अडकायची भीती नसते. कोरल किती आहेत आणि ते तुमच्या साइटला लागून आहेत की लांब, हेही विचारा. रात्री दोन वाजता लाथांचा आवाज आला तर पाव मैल चालत जाणे परवडत नाही. नुसता दांडा असेल तर तो तासाभराच्या विसाव्यापुरता समजा.

मग लांबी. पिकअप आणि ट्रेलर जोडून पुढच्या बंपरपासून मागच्या दारापर्यंत टेप लावा. गूजनेकचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येत असल्यामुळे दोन्हींच्या लांबीची नुसती बेरीज चुकते. या मापात मागे दार उघडून घोडा उतरवायला दहा-बारा फूट मिळवा. साइट ५० फुटांची असली म्हणून ५० फुटी गाडी तिथे वापरता येतेच असे नाही. शक्यतो आरपार जाणारी साइट घ्या. ती नसेल तर रस्त्याच्या टोकाला वळायला गोल जागा आहे का, हे विचाराच. जंगलातल्या जुन्या कॅम्पमध्ये सगळे अडते ते तिथेच.

विजेचेही बघा. बऱ्याच हॉर्स कॅम्पमध्ये ती नसतेच. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केटल एकदम लावलेत तर ब्रेकर पडणार.

आणखी एक खोच. काही कॅम्प फक्त घोडेवाल्यांसाठीच असतात. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कचा फ्रेंच क्रीक हॉर्स कॅम्प तसा आहे. बिनघोड्याचे मित्रकुटुंब शेजारची साइट घेईल असे ठरवले असेल, तर ते आधीच विचारून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे क्लास सी मोटरहोम (ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले फिरते घर) आहे. त्याच्याच मागे दोन घोड्यांचा ट्रेलर जोडला तर चालेल का?

बहुधा नाही, आणि कारण वजनाचे आहे. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामाच साधारण २,५०० ते ३,५०० पौंडांचा. हजार-अकराशे पौंडांचे दोन घोडे, खोगिरे, चारा, पाणी धरले की आकडा सहा हजारांच्या आसपास जातो. अनेक क्लास सी गाड्यांच्या हिचची (मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीची) मर्यादा ५,००० पौंडच असते. हिच दणकट बसवला तरी भागत नाही. गाडी, माणसे, सामान आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल याची वेगळी मर्यादा कंपनीने दिलेली असते, आणि पाण्याची टाकी भरली की तिच्यातला वाटा संपतो. शिवाय या गाड्यांचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. अशा गाडीमागे जिवंत, हलणारे वजन असेल तर उतारावर ट्रेलर गाडीला हलवू लागतो.

फिफ्थ व्हीलच्या (पिकअपच्या हौद्यात जोडायच्या, राहण्याच्या मोठ्या ट्रेलरच्या) मागे घोड्यांचा ट्रेलर जोडून 'दुहेरी ओढ' करणारे लोक दिसतील. काही राज्यांत ती चालते, काहींत सरळ बंदी आहे. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम बघावा लागतो. आमचे मत विचाराल तर एकाने मोटरहोम चालवावे, दुसऱ्याने पिकअप आणि ट्रेलर. मात्र एका साइटवर दोन मोठ्या गाड्या कितीदा तरी चालत नाहीत. दुसऱ्या गाडीचे शुल्क किंवा दुसरी साइट हिशेबात धरा.

प्रश्न: कागदपत्रे कोणती लागतात? आणि 'वीड-फ्री' चारा ही काय भानगड आहे?

राज्याची हद्द ओलांडताना साधारणपणे दोन कागद लागतात: कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्तचाचणीचा) निगेटिव्ह अहवाल, जो बहुतेक ठिकाणी १२ महिन्यांच्या आतला चालतो, आणि पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र, जे सहसा ३० दिवस ग्राह्य असते. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत ब्रँड इन्स्पेक्शनही (अंगावरचा डाग आणि मालकी यांची तपासणी) लागते. राज्यातल्या राज्यात जाणार असलात तरी कित्येक पार्क दारातच कॉगिन्स मागतात. निघण्याच्या आठवड्यात ज्या राज्यात जायचे तिथल्या पशुवैद्यकीय कार्यालयाचे नियम पुन्हा बघा. साथ आली की ते रातोरात बदलतात.

वीड-फ्री चारा म्हणजे उपद्रवी तणांचे बी नसल्याचा दाखला असलेले गवत. पश्चिमेकडच्या बहुतेक सरकारी जंगलांत तोच लागतो, आणि गठ्ठ्यावर त्याची खूण म्हणून टॅग किंवा ठरावीक रंगाची सुतळी असते. लोक चुकतात ते वेळेत. घरी खाल्लेल्या गवताचे बी लिदीतून पडायला दिवस लागतात, म्हणून निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून पूर्ण वीड-फ्री चारा द्यायचा. त्यातही चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठतो, तेव्हा आठ-दहा दिवस आधीपासून थोडा थोडा मिसळत जा. हजार पौंडांच्या घोड्याला दिवसाला १५ ते २० पौंड चारा धरा आणि एक दिवसाचा जास्तीचा घ्या.

प्रश्न: नव्या जागी आमची घोडी पाण्याला तोंड लावत नाही. काय करावे?

घोड्याला दिवसाला ५ ते १० गॅलन पाणी लागते, उन्हात रपेट झाली तर त्याहून जास्त. क्लोरीनचा किंवा लोखंडाचा वास आला की काही घोडे प्यायचे टाळतात, आणि तेच दुसऱ्या दिवशीच्या पोटदुखीचे मूळ. पहिल्या दिवसाचे पाणी घरूनच न्या. पुढे त्यात तिथले मिसळत जा. दुसरा उपाय म्हणजे घरी आठवडाभर पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालून सवय लावणे, म्हणजे कुठल्याही पाण्याला तीच चव देता येते. चारा भिजवून दिला तरी बरेच पाणी पोटात जाते.

वजन विसरू नका. एक गॅलन म्हणजे सव्वाआठ पौंडांहून थोडे जास्त. ४० गॅलन म्हणजे सव्वातीनशे पौंडांच्या वर. सार्वजनिक हौदात घोड्याचे तोंड घालू देऊ नका, स्ट्रँगल्ससारखे (घशाच्या गाठी सुजवणारे) संसर्गजन्य रोग तिथून पसरतात. नळाखाली आपलीच बादली ठेवा आणि नळीचे टोक बादलीत बुडवू नका. आरव्हीची सांडपाण्याची टाकी रिकामी करायच्या जागी जो धुण्याचा नळ असतो, त्याचे पाणी माणसाला नाही आणि घोड्यालाही नाही. हिरड्या चिकट वाटल्या, लीद कमी आणि कोरडी पडू लागली, तर रपेट रद्द. लोळणे किंवा पोटाकडे वळून बघणे सुरू झाले, तर पशुवैद्याला बोलवा. त्याचा नंबर बुकिंग करतानाच कॅम्पच्या माणसाकडून घेऊन ठेवलेला असावा, कारण दरीत फोनला रेंज नसते.

प्रश्न: कोरल नसलेला कॅम्प मिळाला आहे. पाच आणि नऊ वर्षांची मुले बरोबर आहेत. हायलाइन सुरक्षित आहे का?

नीट बांधली तर आहे. दोर घोड्याच्या डोक्याच्या बराच वर, किमान सात फुटांवर हवा, आणि ताणलेला हवा. सैल दोर घोडा खाली ओढतो. झाडाला रुंद पट्टा गुंडाळून त्यालाच दोर बांधा, नाहीतर साल सोलते आणि रेंजर दंड करतो. दावे एवढेच लांब, की तोंड चाऱ्यापर्यंत पोहोचेल पण खूर दाव्यावरून पलीकडे जाणार नाही. दोन घोड्यांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवा. लाल मेपल, चेरी, यू आणि काळा अक्रोड यांच्याजवळ बांधू नका; पहिल्या दोघांची कोमेजलेली पाने विषारी, यू तर ताजी असो वा वाळलेली, जीवघेणी. आणि हे सगळे आधी घरी करून बघा. उंचावर बांधून घेण्याची सवय नसलेल्या घोड्याची पहिली रात्र अनोळखी जंगलात जाऊ नये.

मुलांसाठी जमिनीवर चुना किंवा दोरी टाकून एक रेघ आखा: मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय तिच्या आत पाऊल नाही. सायकली, चेंडू आणि शेकोटी रेघेच्या दुसऱ्या बाजूला, वाऱ्याची दिशा बघून. नऊ वर्षांच्या मुलाला लीद उचलायचे काम द्यायला हरकत नाही (एक घोडा दिवसाला ५० पौंडांच्या आसपास टाकतो), पण घोडा दुसरीकडे नेल्यावरच. अस्वलांच्या भागात घोड्याची चंदीही माणसांच्या खाण्यासारखीच बंद पेटीत जाते. ट्रेलरमध्ये उघडी बादली ठेवून झोपू नका.