वापरलेली गाडी ऑनलाइन ठरलेल्या किमतीत घ्यावी, की डीलरकडे जाऊन भाव करावा?

तुम्ही नाशिकला राहता, बजेट साडेपाच लाख, घरातली पहिली गाडी, पेट्रोल वॅगन आर किंवा स्विफ्ट चालेल. भाव करायला संकोच वाटतो, म्हणून ऑनलाइन कंपनीची 'एकच किंमत' बरी की शहरातल्या डीलरकडे घासाघीस करावी, असं विचारलंय. मी मोटार विम्याच्या क्लेमचं काम करतो. ठोकलेल्या आणि पुरात बुडालेल्या गाड्या माझ्यासमोर येतात, आणि त्यातल्या काही नंतर चकाचक होऊन पुन्हा विकायला लागलेल्याही दिसतात. त्यामुळे मी किमतीच्या आधी गाडीकडे आणि कागदांकडे बघतो.

आधी माझं मत सांगतो. भाव करता येत नाही एवढ्याच कारणाने ऑनलाइनकडे जाऊ नका, कारण भाव दोन्हीकडे होतो, फक्त त्याची वेळ वेगळी असते. डीलरकडे तो पैसे देण्याआधी होतो. ऑनलाइन कंपनीकडे तो गाडी घरी आल्यानंतर, परतीच्या मुदतीत, म्हणजे नको असेल तर गाडी परत करता येते त्या दिवसांत होतो. बरेच लोक ही मुदत गाडी मिरवण्यात घालवतात: सप्तशृंगीला जाऊन येतात, नातेवाइकांकडे पेढे देतात, आणि पुढच्या आठवड्यात क्लच कडक असल्याचं लक्षात येतं. त्या थोड्या दिवसांत गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढलीच पाहिजे. तेवढं करणार असाल तर तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याला ऑनलाइन कंपनी किंवा मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारखी उत्पादकाचीच शाखा सोयीची पडेल. परतीच्या अटी मात्र लेखी घ्या. किती दिवस, किती किलोमीटरपर्यंत, पैसे पूर्ण परत की काही कापून, आणि कर्ज काढलं असेल तर ते रद्द कोण करणार, हे सगळं टोकन देण्याआधी विचारा.

आता एनसीबीबद्दल, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. विम्याच्या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' म्हणजे एनसीबी, हप्त्यातली सवलत, छापलेला असतो. क्लेम न घेता वर्ष गेलं की तो २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० वर थांबतो. क्लेम घेतला की साधारणपणे पुन्हा शून्य. म्हणजे सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीच्या पॉलिसीवर ५० टक्के दिसले, तर गाडीला विम्यातून दुरुस्त करण्याइतकं काही झालेलं नाही, असं मानायला चांगला आधार आहे. तिथे शून्य किंवा २० दिसलं तर थेट विचारा, 'क्लेम कशाचा होता?' उत्तर साधंही असू शकतं, काच फुटली असेल किंवा बंपर गेला असेल. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो. उलट ५० टक्के दिसले तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका, कारण हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. मालकाने तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो किंवा बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असू शकतं. तरीही पॉलिसीची प्रत मागितल्यावर विकणाऱ्याचा चेहरा आणि आवाज बदलतो का, एवढ्यावरून खूप काही कळतं. ऑनलाइन यादीत चाळीस फोटो असतात, पण पॉलिसीची प्रत बहुधा नसते. ती मागून घ्या.

आणि हा बोनस तुमच्या नावावर येत नाही. गाडीचा विमा तुमच्या नावावर करताना आधीच्या मालकाच्या सवलतीचा फरक विमा कंपनी तुमच्याकडून घेते. हा खर्च डीलरही सांगत नाही आणि अ‍ॅपही.

पुरातल्या गाड्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यांच्यामुळे माणसं खरंच फसलेली मी पाहिली आहेत. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून विकली जाते. पण भंगारात गेलेली प्रत्येक गाडी तोडली जात नाही. काहींचं वायरिंग बदलतं, सीट कव्हरं नवी येतात, आतून अत्तराचा वास येतो आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. वर्षभर ती नीट चालतेही. नंतर एकेक सेन्सर आणि एकेक कनेक्टर हिरवा पडत जातो, आणि दोष कुठे आहे ते कुठल्याही गॅरेजला पटकन सापडत नाही.

ती ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तो कोणी धुवत नाही, चिखलाची रेघ तिथे सापडते. सीटच्या खालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट बघा. डिकीतलं जादा चाक उचलून त्याखालच्या खळग्यात बोट फिरवा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला. दहा वर्षांच्या गाडीत सगळी कार्पेटं कोरी असतील तर ती का बदलली, हे विचारायला हवं. अपघाताच्या गाडीसाठी बोनेटच्या आतल्या कडा, दारांचे पिलर आणि काचांवरचे छापील कोड पाहा. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली याचं उत्तर मिळायला हवं. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. 'फक्त २२ हजार किलोमीटर' चाललेल्या गाडीला नवेकोरे टायर लागले असतील तर मीटरकडे संशयाने बघा. मीटर मागे फिरवणं आजही होतं, म्हणून गाडीच्या नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते जॉब कार्डवर लिहिलेलं असतं.

हे सगळं डीलरच्या आवारात करता येतं, पण अ‍ॅपवर फोटो बघून करता येत नाही. ऑनलाइनवाल्यांची तपासणी चांगली असू शकते, पण ती त्यांनी त्यांच्यासाठी केलेली असते. आपली तपासणी आपण करायची.

कागदांचं घरबसल्या होतं. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत असे बरेच तपशील दिसतात. तो कितवा मालक आहे आणि बँकेचा बोजा आहे का, हे मूळ आरसीशी ताडून बघा. ई-चलनही त्याच वेळी तपासा. आधीच्या मालकाचा दंड गाडीच्या नंबरावर राहतो आणि हस्तांतराच्या वेळी तुमच्या वाटेत येतो. कर्ज फिटलं असं तोंडी सांगतात, पण बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत ते फिटलेलं नाही असंच धरा. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर हरखून जाऊ नका. तिथल्या डिझेलच्या १० वर्षं आणि पेट्रोलच्या १५ वर्षं मर्यादेमुळे त्या गाड्यांचा भाव पडलेला असतो. महाराष्ट्रात आणून कायम वापरायची तर इथला रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तिकडचा टॅक्स परत मिळवायचा पाठपुरावा तुमच्याच डोक्यावर येतो. पुण्याची एमएच १२ किंवा मुंबईची गाडी नाशिकला आणताना हा त्रास नाही, राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो.

आता डीलरकडचा भाव. जाताना त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि तेवढ्याच किलोमीटरच्या गाड्यांचे ऑनलाइन भाव मोबाइलवर जवळ ठेवा. त्याच अ‍ॅपच्या 'गाडी विका' बाजूला जाऊन तशी गाडी विकायला काढली तर किती मिळतील, तो अंदाजही बघा. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत डीलरचा नफा असतो आणि तुमचा भावही तिथेच बसतो. नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमतही विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे 'नवी घ्यायला गेलात तर एवढी पडेल' असं कोणी जुन्या किमती धरून सांगत असेल तर ते आता लागू नाही.

मग डीलरला पहिला प्रश्न विचारा, गाडी त्याने विकत घेतली आहे की मालकाने पार्क अँड सेलवर ठेवली आहे? स्वतःची असेल तर त्याचे पैसे अडकलेले असतात आणि बरेच दिवस उभी असलेल्या गाडीवर तो खाली येतो. पार्क अँड सेलची असेल तर त्याच्या हातात फक्त कमिशन असतं, किमतीसाठी मालकाशीच बोलावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते फॉर्म २९बी मध्ये असतं. गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद २९सी मध्ये झाली की कागदोपत्री जबाबदारीही त्याच्यावर येते. ही दोन्ही कागदं दाखवणाऱ्या डीलरकडे मी निर्धास्त बसेन. 'साहेब, आपल्याकडे असलं काही लागत नाही' असं ऐकू आलं तर चहाचे आभार मानून निघेन.

संकोच वाटणाऱ्याने 'कमी करा' म्हणूच नये. दोष मोजून दाखवावेत. चारही टायर संपलेत, त्याचे पंधरा हजारांच्या आसपास. दुसरी किल्ली नाही. विमा संपत आलाय. बॅटरी जुनी आहे. प्रत्येकापुढे रुपये लिहा, बेरीज त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. ही मागणी वैयक्तिक वाटत नाही, म्हणून ती तुमच्याच्याने होईल.

आणि आकडा एकच मागा: नाव हस्तांतर, विमा, बोजा उतरवणं सगळं धरून गाडी माझ्या नावावर होईपर्यंत किती? गाडीच्या किमतीत सोडलेले दहा हजार 'हँडलिंग', 'फाइल चार्ज' आणि 'आरटीओ खर्च' या नावांनी परत वसूल होतात. 'जीएसटी वेगळा' म्हणाला तर थांबवा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर वापरलेल्या गाड्यांवर १८ टक्के दर आला, पण तो डीलरच्या नफ्याच्या रकमेवर, पूर्ण किमतीवर नाही. दोन खाजगी व्यक्तींच्या व्यवहारात तो लागतच नाही.

कर्जात सगळ्यात जास्त पैसा जातो, डीलरकडे आणि ऑनलाइन दोन्हीकडे. 'फक्त ८ टक्के' हा दर फ्लॅट असतो का, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागतं का, ते विचारा. चार लाखांवर पाच वर्षं ८ टक्के फ्लॅट म्हणजे १ लाख ६० हजार व्याज, हप्ता ९,३३३ रुपये. घटत्या शिल्लकीवर हाच दर १४ टक्क्यांच्या आसपास पडतो. किमतीत मोठ्या कष्टाने मिळवलेले पंधरा हजार इथे एका सहीत जातात. तुमचं खातं ज्या बँकेत किंवा पतसंस्थेत आहे तिथला दर आधी काढून ठेवा, मगच त्यांच्याकडच्या कर्जाचं ऐका.

शेवटची रक्कम द्यायच्या दिवशी दोन गोष्टी करा. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सहीची डिलिव्हरी नोट करा, त्याआधीची चलनं आणि अपघात त्यांचे, नंतरचे तुमचे. आणि ताबा घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज देऊन पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. माझ्या टेबलावर सगळ्यात वाईट वाटणारे क्लेम असेच असतात: गाडी नव्या मालकाची, पॉलिसी जुन्याच्या नावावर, पुढचा भाग पूर्ण चेपलेला, आणि समोर बसलेल्या माणसाला सांगावं लागतं की समोरच्याला झालेल्या इजेचं बघता येईल, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकले. हा अर्ज विकणाऱ्यावर किंवा एजंटवर सोडू नका, तुम्हीच द्या.

एखादी गाडी नजरेत भरली की तिच्या पॉलिसीवरचा एनसीबीचा आकडा आणि नोंदणीचं वर्ष कळवा, नाव-नंबर नको. त्यावरून पुढे काय विचारायचं ते सांगतो.