व्हिएतनामी बायका स्वतः एकट्याने फिरतात का, की तिथे एकट्या फिरणाऱ्या सगळ्या परदेशीच? आणि समाज त्यांच्याकडे कसा बघतो?

फिरतात. भरपूर फिरतात. तुम्ही लिहिलंय की उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा झांग’ या डोंगराळ भागातल्या घाटाचे व्हिडिओ पाहिले आणि त्यात सगळ्या गोऱ्याच मुली दिसल्या. व्हिएतनामी बाईही त्या घाटात असते, फक्त ओळखू येत नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांपर्यंत फडकं, अंगात उन्हाचं जॅकेट, हातमोजे, कमरेला गुंडाळलेलं कापड. पुण्यात स्कूटीवरच्या मुली स्कार्फ बांधून फिरतात ना, त्याचीच ही थोरली बहीण. हनोईत अशा बायांना गमतीने ‘निन्जा लीड’ म्हणतात. लीड हे होंडाच्या एका स्कूटरचं नाव. (हेल्मेट मात्र सगळे घालतात. १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती झाली आणि लोकांनी ती पाळली. पुढचं वाक्य पुणेकरांनी मनातल्या मनात म्हणावं.)

मला हे कसं माहीत, ते सांगते. मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी चार वर्षं हनोईत होते. (हो, शिवाजी महाराज आणि व्हिएतनामचा तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड मलाही दर महिन्याला यायचा. तिथे तो किस्सा ठाऊक असलेला एकही माणूस भेटला नाही. मी विचारून पाहिलं होतं.) ऑफिसात शेजारच्या टेबलावर हिशेब बघणारी एक बाई होती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, लग्न न केलेली. जोडून सुट्टी आली की स्कूटर काढून एकटीच निघायची. पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक तिच्याकडून ऐकलेलं किंवा तिच्या मागे बसून पाहिलेलं आहे. सगळ्या व्हिएतनामच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला माझं जन्मसाल विचारलं. मी मनात म्हटलं, आली का चौकशी. पण ती चौकशी नव्हती, व्याकरण होतं. त्या भाषेत रोजच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ असे सरळ शब्द चालत नाहीत. समोरचा आपल्याहून लहान की मोठा ते कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. ती मोठी निघाली, म्हणून ती झाली ‘चि’, म्हणजे ताई, आणि मी झाले ‘एम’, म्हणजे धाकटं भावंड. ‘मला भूक लागली’ असं न म्हणता ‘धाकटीला भूक लागली’ असं म्हणायचं. ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन यात वर्षभर अडकून होता. मला आठवड्यात जमलं. आत्या, मावशी, काकू, मामी यांत वाढलेल्या माणसाला ते अवघड नाही. त्यांच्याकडेही बापाचा धाकटा भाऊ वेगळा आणि आईचा भाऊ वेगळा.

एकट्या बाईसाठी याचा अर्थ असा की तिला कुणी एकटं राहूच देत नाही. घाटात चहाच्या टपरीवर थांबलं की टपरीवाली लगेच तिला भाची तरी करते, नाहीतर बहीण. मग प्रश्न ठरलेले. जन्मसाल कोणतं? गाव कोणतं? (‘क्वे’ म्हणजे अगदी आपलं ‘गाव’. तीन पिढ्या हनोईत काढलेल्या माणसालाही क्वे असतं आणि तेतला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, तिथे जावंच लागतं. आपल्याकडे गणपतीला कोकणात जातात तसं.) जेवलीस का? आणि चौथा: लग्न झालं का?

आता ‘चुअ’. व्हिएतनामीत हे प्रश्न ‘चुअ’ लावून विचारतात. ‘आन कोम चुअ?’ म्हणजे भात खाल्लास का अजून? तसंच, नवरा आहे का अजून? उत्तर होकारार्थी नसेल तर ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘चुअ’ म्हणतात. अजून नाही. चाळिशीतली बाई असो की सत्तरीतली म्हातारी, उत्तर ‘अजून नाही’ हेच. तिथे सरळ ‘नाही’ म्हटलं तर तो रीतीचा भंग, जणू समोरच्याच्या तोंडावर दार आपटलं. चि मला म्हणाली, “मी एकदा म्हणून पाहिलं होतं. ती बाई एवढी हिरमुसली की मलाच तिची समजूत काढावी लागली. तेव्हापासून चुअ.”

समाज कसा बघतो, तर असा. दार बंद करत नाही आणि उंबरठ्यावरून हलतही नाही.

याच्या मागचा इतिहास चिने मला तुकड्या-तुकड्यांत सांगितला. इसवी सन ४० मध्ये चिनी सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या त्रुंग भगिनींच्या नावाचा रस्ता तिथल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहे. ‘शत्रू घरात आला तर बायकाही लढतात’ ही म्हण शाळेतल्या पोरालाही पाठ असते. बाजारात गल्ल्यावर बाई असते, शेतात बाई असते. दुसरीकडे कन्फ्युशियसची शिकवणही मुरलेली: मुलीने बापाचं ऐकावं, बायकोने नवऱ्याचं, विधवेने मुलाचं. आपल्याला काही हे नवीन नाही. चिचं म्हणणं असं की या दोन्हींत भांडण नाहीच. “लढायला जा, कमवायला जा, परगावी कारखान्यात जा, कुणी अडवत नाही. उलट कौतुक होतं. काही कारण नसताना जा, मग बघ.” तिची आई शेजाऱ्यांना आजही सांगते की पोरगी ऑफिसच्या कामाला गेली आहे. उगाच गाडी घेऊन भटकण्याला तिथल्या तरुण पोरांचा एक शब्द आहे, ‘फुअत’. तो आईने एकदाही तोंडातून काढलेला नाही.

लग्न न झालेल्या बाईला म्हणतात ‘ए’. मूळ अर्थ, न खपलेला माल. बाजार उठताना टोपलीत उरलेली भाजी. मला ऐकून राग आला. चि म्हणाली, “माझ्या मावशीला मात्र असं कुणी म्हणत नाही.”

मावशी १९६८ मध्ये अठरा वर्षांची होती आणि ‘युवा स्वयंसेवक दला’त होती. अमेरिकी विमानांनी रस्ता फोडायचा आणि या पोरींनी फावडी घेऊन रात्रीत खड्डे बुजवायचे, म्हणजे दक्षिणेकडे जाणारे ट्रक थांबणार नाहीत. युद्ध संपलं तेव्हा त्या पंचविशीच्या पुढे गेल्या होत्या आणि त्यांच्या वयाचे पुरुष उरले नव्हते. अशा कितीतरी जणी तशाच राहिल्या. काहींनी लग्नाशिवाय मूल होऊ दिलं. त्याला तिकडे ‘मूल मागून घेणं’ म्हणतात. १९८६ च्या विवाह आणि कुटुंब कायद्याने अशा मुलांना इतर मुलांच्या बरोबरीचे हक्क दिले. मावशीने मूल नाही घेतलं, भाचीला वाढवलं.

हा झांगच्या त्या व्हिडिओतल्या घाटाचीही तीच कुळी. १९५९ ते १९६५ मध्ये तो रस्ता बांधला, साधारण १८५ किलोमीटर, नाव ‘सुखाचा रस्ता’. मा पी लेंगच्या कड्यावर पोरं कमरेला दोर बांधून लोंबकळत, हाताने खडक फोडत होती. खाली न्यो क्वे नदी हिरवीगार दिसते. तिथे सगळे फोटो काढतात, मीही काढला.

आता राहण्याचं. परदेशी मुलींसाठी हॉस्टेलं आहेत आणि ती चांगली आहेत. व्हिएतनामी बाई मात्र गावोगावच्या ‘न्या न्गी’त उतरते. शब्दशः अर्थ विश्रांतिगृह, पण तो शब्द ऐकून तिथे जे हसू येतं ते आपल्याकडे ‘लॉज’ शब्दाला येतं तसं. तासावर खोल्या मिळतात. चि काउंटरवर ओळखपत्र ठेवते आणि मोठ्याने विचारते, “काकू, जेवायला काय आहे?” आधी काकू करून टाकायचं, मग खोली मागायची. एकदा एका काकूने रात्री दोनदा दार वाजवलं. चि घाबरून उठली. पहिल्यांदा काकूने उकडलेली कणसं आणली होती, दुसऱ्यांदा कणसं खाल्ली का ते विचारायला आली होती.

बाकी सुरक्षितता म्हणाल, तर रात्री अकराला फुटपाथवरच्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर एकटी बाई सूप पीत बसली तर कुणी मान वळवून बघत नाही. हे मला साताऱ्यात जमलेलं नाही. सायगॉनमध्ये, म्हणजे हो चि मिन्ह सिटीत, मोबाइल हिसकावतात, तो सांभाळा. खरी भीती ट्रकची.

मग चि भारतात आली, वीस दिवस, एकटी. आधी बोधगया (तिथे व्हिएतनामी विहार आहे), नंतर मुंबई आणि अजिंठा. परत आल्यावर तिने जे सांगितलं त्यातलं एक माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, इंग्रजीत बोलताना मजा आली, कारण ‘आय’. एका अक्षराचा माणूस. कुणाची धाकटी नाही, कुणाची भाची नाही, जन्मसाल नाही. वीस दिवस ती नुसती ‘आय’ होती. मी म्हटलं, मराठीतही ‘मी’ आहे. तिने ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ दोन्ही म्हणून दाखवायला लावलं आणि हसली: “म्हणजे तुमच्याकडे मी म्हटलं की पुढच्याच शब्दात बाई असल्याचं सांगावं लागतं. आमचं क्रियापद एवढं तरी विचारत नाही.” मी यावर गप्प बसले. अजून उत्तर सुचलेलं नाही.

मुंबईतला लेडीज डबा तिला फार आवडला. बायका आत भाजी निवडत होत्या, तिला सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी मात्र तिला वाटलं, बायकांसाठी वेगळा डबा लागतो म्हणजे बाकीच्या डब्यांत काय होत असेल? आमच्याकडे गाडीला असा डबा नाही, म्हणाली. त्याच डब्यात समोरच्या बाईने स्वतःचं मंगळसूत्र उचलून दाखवलं, तिच्या मोकळ्या गळ्याकडे बोट केलं आणि हात हलवून विचारलं: नाही? चिने सवयीने उत्तर दिलं, “चुअ.” ती बाई मान डोलावून म्हणाली, “अजून नाही होय.” हे मराठी शब्द तिने तसेच्या तसे लक्षात ठेवले होते, अर्थ मला विचारायला. अर्थ सांगितला तर ती हिशेबाच्या वहीवर डोकं ठेवून हसत सुटली.

त्यांची एक म्हण आहे: एक दिवस वाट चाल, चाळणभर शहाणपण शिक. मी म्हटलं, आमच्याकडे चाळणीत काही राहत नाही. ती म्हणाली, “कणी पडते. तांदूळ राहतो.”

त्याच वर्षी जुलैत ती मला तिच्या क्वेला, न्गे आनला घेऊन गेली. हनोईहून रात्रीची गाडी, पहाटे विन्ह, पुढे तिच्या भावाची स्कूटर. मावशी आता सत्तरी ओलांडलेली, जुन्या व्हिएतनामी बायका दात काळे रंगवायच्या तसे तिचे दात नाहीत, पण कणा ताठ. भाचीच्या पाठीवरची सॅक तिने हाताने उचलून तोलली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती किलो?” चि म्हणाली नऊ. मावशी म्हणाली, “कमी आहे.”

दुपारी आम्ही तिघी शेजारच्या हा तिन्ह प्रांतातल्या डोंग लोकच्या तिठ्याला गेलो. २४ जुलै १९६८ ला तिथे रस्ता दुरुस्त करणाऱ्या दहा मुली बॉम्बमध्ये गेल्या, वयं १७ ते २४. पांढऱ्या दहा समाध्या ओळीने आहेत. फुलं, उदबत्त्या असतातच, पण त्याशिवाय प्रत्येक समाधीवर कंगवे, छोटे आरसे आणि ‘बो केत’च्या काळ्या वाळक्या शेंगा ठेवलेल्या. बो केत म्हणजे त्यांची शिकेकाई, तीच उकळून बायका केस धुतात. धुळीत राबणाऱ्या पोरींना केस धुवायला तरी मिळावं, म्हणून लोक त्या आणून ठेवतात. तिथे तीन वेगवेगळ्या तरुण मुली एकट्या आलेल्या दिसल्या, स्कूटरी बाहेर उभ्या, तोंडावरची फडकी खाली ओढलेली. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. मावशीनेही नाही.

चिने सॅकमधून एक पुडी काढली. दादरच्या बाजारातून आणलेली अर्धा किलो शिकेकाई. शेंगा पाहून ओळखीच्या वाटल्या म्हणून घेतल्या होत्या. मावशीने एक शेंग मोडून हुंगली, पुन्हा हुंगली. “आपली नाही,” म्हणाली. मग पुडीतली निम्मी दहा जागी वाटून ठेवली आणि उरलेली निम्मी स्वतःच्या पिशवीत टाकली.