टॅरो आणि पेल्यातला मासा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. वाचनालयात बायकांपुढे टॅरोवर, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांवर, बोलणार आहेस, आणि सुरुवात कुठून करू म्हणून विचारतेस. माझं ऐकशील तर ऊर्जा, स्पंदनं, विश्वाचा संदेश यातलं काही काढू नकोस. सावंतवाडीच्या गंजिफापासून सुरू कर.

ते गोल रंगवलेले पत्ते निम्म्याजणींनी तरी राजवाड्यात पाहिलेले असतील. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. खेळायची. टॅरोही खेळ म्हणूनच जन्मला, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीतल्या बड्या घरांत. भविष्य त्याला चिकटलं ते बरंच नंतर, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थाने हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे असं ठोकून दिलं, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती! हे सांगितलं तर पत्त्यांचा दरारा जाईल असं तुला वाटेल. जाऊ दे की. दरारा गेला की माणसं चित्राकडे बघतात.

मोजदाद पाच मिनिटांत उरक. पानं ७८. त्यातली २२ मोठी, म्हणजे मेजर अर्काना. उरलेली ५६ काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत, प्रत्येकी १४. तुझा कॅट १९०९ साली लंडनहून निघालेल्या कॅटावर बेतलेला आहे. त्याची आखणी आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्याआधी लहान पानांवर बहुधा नुसते पेले किंवा नुसत्या तलवारी मांडलेल्या असत. या बाईने तिथे माणसं आणली, प्रसंग आणले. डबीवर नाव मात्र वेटचं आणि रायडर या प्रकाशकाचं. हे त्या बायकांना वेगळं समजवावं लागणार नाही.

मग बोलणं थांबव आणि पानं त्यांच्या हातात दे. अर्थ सांगायचा नाही. ‘काय दिसतं?’ एवढंच विचारायचं. पेल्यांच्या पेजचं, म्हणजे दरबारातल्या पोरसवदा सेवकाचं, पान नक्की दे. त्यात एक नटलेला पोरगा पेला धरून उभा आहे आणि पेल्यातून मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघतोय. आमच्या शेजारणीने ते पाहून विचारलं होतं, ‘ह्यो मासो कपात कित्याक?’ त्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो, तिच्या लेकाच्या शिक्षणापर्यंत पोचलो. तलवारींची छक्कीही दे. होडीत पाठमोरी बाई, कडेला पोर, मागे नावाडी आणि होडीत रोवलेल्या सहा तलवारी. खाडीकाठच्या बाईला त्यावर कुणी काही शिकवायची गरज नाही.

माझी चूकही सांगते. नव्याने शिकले होते तेव्हाची. मालवणकडची एक बाई आली, नवरा समुद्रात गेलेला, दोन दिवस वाऱ्याचे. मी पान उलटलं तर तेरावं, ‘डेथ’. पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणायला लागले, हा मृत्यू नव्हे, हे परिवर्तन, एका पर्वाचा शेवट... बाईचं लक्षच नव्हतं. घोड्याच्या मागे, दूर नदीवर, नखाएवढी शिडाची होडी आहे. त्या होडीवर बोट ठेवून ती गप्प बसून राहिली. मी तोवर ते पान शंभरदा हाताळलं होतं, होडी कधी दिसली नव्हती. नवरा दुसऱ्या दिवशी सुखरूप परतला, पण ती पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही. बरोबरच केलं तिने.

कुणीतरी विचारेलच, ‘म्हणजे हा कौलच ना?’ तेव्हा गडबडू नकोस. कौलात देवाला पाकळी लावून गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की होकार. तिथे उत्तर देव देतो. इथे पत्ते आपण पिसतो, पान आपण उचलतो आणि त्यात काय दिसलं तेही आपणच सांगतो. होय-नाही मागणाऱ्याला टॅरोचा काही उपयोग नाही, तसं सरळ सांग. दुखणं आणि कोर्टकचेरी यांवरचे प्रश्न घेऊच नकोस. पैसे तर नाहीच.

रविवारी येशील तेव्हा तुझा कॅट घेऊन ये. माझ्यात ७७ च पानं उरली आहेत. मासेवाला पोरगा शेजारीण घेऊन गेली, ती काही परत देत नाही.

तुझी,
मावशी