गाडीची जागा आणि तुझी जागा

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. पाऊस, हिरवा डोंगर आणि वळणावर आलेलं इंजिन, सगळं छान उतरलंय. पण डाव्या कोपऱ्यात खडी दिसते, रुळांखालच्या आडव्या स्लीपरचं टोक दिसतं आणि दोन्ही अंगांना जांभ्याच्या भिंती. म्हणजे तू कटिंगमध्ये, डोंगर कापून रुळांसाठी केलेल्या अरुंद वाटेत, उभा होतास, रुळापासून हातभर अंतरावर. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

कटिंगमध्ये उडी मारायला जागा नसते. वळण असलं की समोरचं दिसत नाही आणि पावसाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. पूर्वी डिझेल इंजिनाची घरघर लांबून यायची. २०२२ मध्ये सगळा कोकण रेल्वेचा मार्ग विजेवर आला. आता गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. शिवाय रुळांच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असा फोटो मला परत पाठवू नकोस.

आता तू विचारलंस ते, गाडीच्या फोटोसाठी चांगली जागा कशी शोधायची. चांगली जागा शोधायला नकाशा उघडण्याआधी गाड्यांचं क्रॉसिंग शिकून घे. रोहा ते वीर सोडलं तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच रूळ. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना वाट देतात. एखादं लहान स्टेशन निवड, रीतसर तिकीट काढ आणि पहिला अख्खा दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवून बाकावर बस. कुठली गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात, कुठली मेन लाइनवरून थेट जाते, कुठला सिग्नल आधी पडतो, हे वहीत वेळेसकट लिही. दुसऱ्या खेपेला सिग्नल बघून तुला कळेल की गाडी कुठून येणार आणि किती वेळ हातात आहे. पावसाळ्यात मात्र नवी वही काढ. तेव्हा गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळापत्रकच वेगळं असतं.

उजेडाचं सोपं आहे. मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण, म्हणून सकाळी रुळांच्या पूर्वेला राहा, संध्याकाळी पश्चिमेला. वळणावर हा हिशेब फिरतो, तिथे आधी जाऊन सावली बघून ये. मला विचारशील तर पाऊस ओसरल्यावर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं गवत सोनेरी होतं, तेव्हाचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात उत्तम.

रस्त्याचा पूल रुळांवरून जात असेल तर तिथून दृश्य छान मिळतं. पण खाली पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. कठड्याबाहेर छत्री, सेल्फी स्टिक, ट्रायपॉडचा पाय, काहीही काढायचं नाही. ओली छत्री तर नाहीच नाही.

आणि गावातल्या माणसाला विचार. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा फोटो मला कितीतरी दिवस जमत नव्हता. चौसष्ट मीटर उंच, सव्वाचारशे मीटर लांब पूल. जवळ गेलं की नुसते खांब दिसायचे, लांब गेलं की झाडं आड यायची. शेवटी भाताच्या बांधावर एक गृहस्थ चिखलात उभे होते, त्यांना विचारलं, तुमच्या जागेत थोडा वेळ थांबलो तर चालेल का? ते म्हणाले, “थांबा की. पण हितनं नको, माडाआड जाईल. वायच वर या, काजूखाली.” त्या काजूखालून अख्खा पूल दिसला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गाडी यायच्या आधी त्यांनी हातातली रोपांची जुडी खाली ठेवली आणि वर बघितलं. मला तोवर काहीच ऐकू आलं नव्हतं. मग पूल धडधडला. रोज त्या गाडीखाली शेत करणाऱ्याला जे ठाऊक असतं ते आपल्याला एका दिवसात कसं कळणार?

ऑगस्टात सुट्टी मिळाली तर रत्नागिरीला उतर, तुला त्या काजूपाशी नेतो. तिथला तुझा फोटो चांगला आला तर त्याची एक प्रत छापून त्यांना नेऊन दे. मी दिलेली त्यांच्या पडवीत अजून टांगलेली आहे, पण तिच्यात गाडीला डिझेल इंजिन आहे.

तुझा,
काका