वाचक विचारतात : गावात बालहक्क जत्रा भरवताना

गावात दीडशे मुलांची बालजत्रा घ्यायची आहे. स्टॉल किती ठेवावेत? गेल्या वेळी दोन स्टॉलवर झुंबड आणि बाकीचे ओस, असं झालं. (अंगणवाडी सेविका)

सहा स्टॉल पुरतात. पंचवीस-पंचवीस मुलांचे सहा गट करा, गटागणिक वेगळ्या रंगाची लोकर मनगटाला बांधा आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या स्टॉलपासून करा. एका स्टॉलवर २० मिनिटं, पुढच्या ठिकाणी जायला ५. सहा फेऱ्यांना अडीच तास लागतात. घंटा एकाच माणसाच्या हाती द्या. स्टॉलवर दोघं हवेत, एक खेळ घेणारा आणि एक मुलं सांभाळणारा.

मुलं मोकळी सोडली की झुंबड होणारच, त्यात त्यांचा दोष नाही. खाऊचा वेगळा स्टॉल तर ठेवूच नका. तिसऱ्या फेरीनंतर सुट्टी द्या आणि चिक्की, पाणी बसल्या जागी वाटा. दीडशे मुलं एकेक पेला प्यायली तरी चाळीस लिटर पाणी जातं, तेव्हा वीस लिटरचे चार जार आणून ठेवा. सहा वर्षांखालच्यांना या फेऱ्यांत घेऊ नका, त्यांची खेळणी अंगणवाडीतच मांडा. उद्घाटन दहा मिनिटांत उरका. भाषणं लांबली की उन्हात बसलेली मुलं पहिल्या स्टॉलवर पोचण्याआधीच कंटाळतात. पाहुण्यांना हारतुरे देण्यापेक्षा एकेका स्टॉलवर काम द्या.

जमिनीवरची सापशिडी करायची आहे. चौकटींत काय लिहावं? (प्राथमिक शिक्षक)

शंभर चौकटी नकोत, २० मिनिटांत डाव संपत नाही. सहा बाय सहाच्या ३६ चौकटी पुरेत. चौकट दीड फुटाची धरली तर नऊ बाय नऊ फुटांचा पट होतो. तो ताडपत्रीवर ऑइलपेंटने रंगवा आणि चार दिवस वाळू द्या, नाहीतर रंग पायांना लागतो. फ्लेक्सवर मोजे घातलेली मुलं घसरतात. फासा फूटभर पुठ्ठ्याच्या खोक्याचा करा. सोंगट्या म्हणून चार मुलं उभी राहतील, बाकीची चार संघांत वाटून घ्या.

खरी मेहनत मजकुरावर घ्यावी लागते. ‘अभ्यास केला नाही’, ‘आईचं ऐकलं नाही’ असे साप बऱ्याच पटांवर दिसतात. तिथे हक्कांचा खेळ राहतच नाही, मुलांना दटावणं होतं. मोठ्यांच्या वागण्यामुळे मूल खाली येतं, असे साप काढा: धाकट्या भावाला सांभाळायला ताईची शाळा बुडवली, हॉटेलात कपबशा धुवायला ठेवलं, सतराव्या वर्षी लग्न ठरवलं, वर्गात छडी मारली. शिड्यांवर मदतीचे रस्ते लिहा: १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन केला, ग्रामसेवकाने बालविवाह थांबवला, शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी प्रश्न मांडला. सापावर आलेल्या मुलाला लगेच खाली पाठवू नका. ‘आता कोणाला सांगशील?’ हे त्याच्या संघाला विचारा. संघाने नेमका माणूस सांगितला तर मूल जागेवरच राहील. मुलं या प्रश्नावर अडखळतात आणि गावात कोणाकडे जायचं हे त्यांना ठाऊक नसल्याचं तिथेच उघड होतं.

सरपंच म्हणतात, हक्कांबरोबर कर्तव्यंही शिकवा, नाहीतर पोरं उलट बोलतील. काय उत्तर द्यावं? (युवक मंडळ)

कर्तव्यं जरूर शिकवावीत, पण ती पाळली तरच हक्क मिळतील असं नसतं. न शिकणाऱ्या मुलालाही मार न खाण्याचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातलं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची, भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिचं १२ वं कलम मुलाचं मत ऐकून घ्यायला सांगतं. सरपंचांनाच ‘मुलांच्या मागण्या’ या स्टॉलवर बसवा. ‘स्वच्छता हवी’ असली मोघम मागणी घेऊ नका. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही’ असं लिहून घ्या, शेजारी काम कोणाचं आणि कधीपर्यंत तेही. हा कागद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्या.

खेळता खेळता एखाद्या मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं तर? (बचतगट कार्यकर्ती)

याची तयारी नसेल तर सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचा स्टॉल लावू नका. एक खोली आणि एक प्रशिक्षित बाई आधीपासून ठरवून ठेवा. मुलगी बोलू लागली की तिला तिथे न्या. दार बंद करू नका, पण आतलं बाहेर ऐकू जाणार नाही एवढं बघा. ती सांगेल तेवढंच ऐका. ‘किती वेळा? कोणी पाहिलं का?’ असं खोदून विचारू नका. तेच तिला पुढे पुन्हा सांगावं लागतं. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहा, वेळ टाका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न देणं हा गुन्हा आहे. १०९८ वर चोवीस तास मोफत मदत मिळते. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, हे तिच्या आईला सांगा. संशयिताला जाब विचारायला कोणी जाऊ नये, त्याने पुरावा आणि मुलगी दोन्ही धोक्यात येतात. चिठ्ठीपेटी ठेवलीत तर चिठ्ठ्या माईकवर वाचू नका. छोट्या गावात मजकुरावरूनही मूल ओळखू येतं.

आमच्याकडची निम्मी मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नोव्हेंबरात जत्रा घेऊन उपयोग काय? (बीड जिल्हा)

त्या मुलांना काहीच उपयोग नाही. ज्यांचं शिक्षण तुटणार आहे तीच नसतील तर तारीख बदला. कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत, दसऱ्याच्या आधी जत्रा घ्या आणि एक स्टॉल शिक्षण हमी कार्डाचा ठेवा, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या कार्डाचा. मुख्याध्यापकांनी तिथेच यादी करावी: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, कोणाची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे होऊ शकते. मजूर नेणाऱ्या मुकादमांनाही बोलवा, कोणती कोयता जोडी (ऊस तोडणारे नवरा-बायको) कुठल्या तळावर उतरणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.